चौथ्या गादीची जागा

९ मार्च, रविवार दुपार

माझ्या गुणी लेकीला आईचे अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण त्यांना विचारतं कोण! चौथीपर्यंतच शिकले, तेव्हा अक्षर लावून घे. नोकरीसाठी इथे आलेल्या तुझ्या लेकीला म्हटलं लिहून दे, तर म्हणते, "आजी, तुझं तू लिही, मला मध्ये घेऊ नकोस." शहाणी आहे हो पोरगी.

दोन महिने दर रविवारी आम्ही दोघी घरं बघत हिंडलो. काय मजा आली म्हणून सांगू! एक दलाल म्हणाला, "आजी, खिडकीतून बाग दिसते." मी म्हटलं, "दिसू दे रे बाबा, पण कपाट कुठे ठेवू, बागेत?" त्याचं तोंड एवढंसं झालं. जन्मभर गाद्यांच्या दुकानात टाके घातले मी. फूटबीट मला कळत नाही, पण खोली किती गाद्यांची ते नजरेला कळतं. इथे पोरीच्या पगारात येते अडीच गाद्यांची खोली नि मोरी. तेवढ्यातच तुझ्या शहरात दोन खोल्या, वेगळं स्वयंपाकघर, वर गच्ची! इथले भाव चढले की उतरायचं नाव नाही. तिकडे म्हणे इमारती रिकाम्या नि दलालच मागे लागतात. शेवटी पोरीने बदली मागून घेतली आणि तुझ्याच गल्लीत घर पक्कं केलं. नाचावंसं वाटलं गं मला.

मग म्हणाली, "एक खोली तुझी आजी, चल."

हो म्हणायला तोंड उघडलं नि ती चौथी गादी आठवली.

तू पाच महिन्यांची ही पोर कडेवर घेऊन आलीस, तेव्हा मी म्हटलं होतं, "तीन गाद्यांची खोली, चौथी कुठे घालू?" तू पोरीला घेऊन तशीच मागे फिरलीस. भाडं स्वस्त म्हणून त्या परक्या शहरात गेलीस. इतकी वर्षं मी चारचौघांत सांगत आले, इथल्या जागांनी माझी लेक लांब नेली.

खोटं आहे ते, बाई. कायमची येते आहे असं तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी चौथी गादी आणून घालून बघितली होती. कपाट जरा सरकवलं, तर बसली बरोब्बर. मग मीच गुंडाळून दुकानात परत दिली. तुझ्या भावाची सोयरीक जुळत होती. नवरा सोडून आलेली बहीण घरात दिसली तर मोडेल, असं मनात आलं. तुझे बाबा म्हणत होते, "राहू दे लेकीला, पुढचं पुढे बघू." त्यांनाही मी मापच सांगितलं. माझं माप कधी चुकत नाही म्हणून त्यांनी ते मानलं. ते देवाघरी जाईपर्यंत त्यांना खरं सांगितलं नाही मी.

सून चांगली मिळाली. तीच मध्ये विचारत होती, "ताई कधी राहायला का येत नाहीत?" मी भाजी निवडत बसले.

खोली तुझी लेक देते आहे, पण गल्ली तुझी. रोज सकाळी दार उघडलंस की मी दिसणार. हे वाचून तुला ते सोसेल का, तेवढं तू सांग. नको म्हणालीस तर पोरीला गुडघ्यांचं कारण देईन. तुझं नाव येऊ देणार नाही.

तुझ्या होकाराआधी एक साडीही पिशवीत न भरणारी,
तुझी आई