दोऱ्यापुढची पानं

बाबा,

यंदा मी मोबाईलमध्ये बावन्न कादंबऱ्या वाचायचं उद्दिष्ट ठेवलं होतं. आठवड्याला एक. दिवाळीपर्यंत एकेचाळीस झाल्या. चार दिवसांपूर्वी वर्गात एका मुलीनं त्यातल्याच एकीबद्दल विचारलं, "मॅडम, धाकटी सून परत का येते?" मला सूनच आठवेना. घरी येऊन मी तुमच्या शिलाई मशीनचा खण उघडला आणि काजाच्या दोऱ्याचं रीळ बाहेर काढलं.

पेडगावात आपल्याला आठवड्याला एकच पुस्तक मिळायचं. अस्तर आणि बटणं आणायला तुम्ही परभणीला जायचात, तेव्हा वाचनालयातून बदलून आणायचात. मी ते दोन दिवसांत संपवायचे आणि उरलेले दिवस मशीनभोवती घुटमळायचे. एकदा तुम्ही गळ्यातला टेप काढून पुस्तकाची जाडी मोजलीत, पानांच्या कडेवर खडूनं खुणा करून सहा वाटे पाडलेत आणि पहिल्या खुणेपुढची सगळी पानं दोऱ्यानं बांधून टाकलीत. "आज इथपत्तुर." मी रडकुंडीला आले. "पुस्तक हाय ते. भजे न्हाईत, गरम हायेत तवर संपवायला."

मग ते रोजचंच झालं. शाळेतून येऊन मी माझा वाटा वाचते. हातातलं काम सारून तुम्हीही तेवढाच वाचता. नंतर काज करता करता विचारता, "आता ह्यो काय करल?" मी सांगते. तुम्ही पटत नसल्यासारखं करता. चुलीपुढून आई म्हणते, "घरातलं कोन काय करायलंय, ते बी बघा जरा."

मी दोरा सोडायचे, बाबा. तुम्ही जेवायला बसलात की पुढचं भराभर वाचून परत बांधायचे. त्यामुळे माझा अंदाज कधी चुकायचा नाही. "लय हुशार झालीस. समदं बरोबर वळखायलीस," म्हणून तुम्ही हसायचात. माझी गाठ तुमच्यासारखी बसत नसे. शिंप्याला ती ओळखू आली नसेल, असं आता वाटत नाही. तुम्ही दुसऱ्या दिवशी ती सोडून पुढच्या खुणेवर स्वतःची गाठ मारायचात. एकटीनं घाईत वाचलेलं मला आज काहीच आठवत नाही. तुमच्याबरोबर दुसऱ्यांदा वाचलेलं आठवतं, कोण कुठं बसलं होतं इथपर्यंत. आज वर्गात शिकवते ते त्यातूनच आलेलं आहे.

शेवटचं पुस्तक मी तुम्हाला परभणीच्या दवाखान्यात वाचून दाखवलं. एक म्हातारी लेकीकडून चालत आपल्या गावी निघालेली. पाच वाटे झाले होते, सहाव्यावर दोरा होता. त्या दुपारी तुम्ही विचारलंत, "म्हातारी घरी पोचती का गं?"

"मला काय माहीत? उद्या वाचू."

"बरं. उद्याचं उद्या."

सकाळी तुम्ही नव्हतात.

मी एकेचाळीसवर थांबले आहे. त्या सुनेची कादंबरी पुन्हा काढली, टेप लावला, दोरा बांधला. तीन दिवस झाले, वाट्यापुढं गेले नाही. हे पत्र त्याच पुस्तकात ठेवणार आहे, दोऱ्यापुढच्या पानांत.

मला माहीत होतं, बाबा. म्हातारीचं पुस्तक आणलं त्याच दिवशी मी शेवट वाचला होता. पोचते ती. दिवस मावळायच्या आत पोचते.