सतरा घरांचं पाणी

बाबा, तुमचा धाकटा, माझा भाऊ, पुढच्या महिन्यात नोकरीतून निवृत्त होतो आहे. नागपूरला छोटा सत्कार आहे आणि त्याची सून म्हणते, आत्या, तुम्ही दोन शब्द बोला. काल ते लिहायला बसले, आणि लिहू लागले तुम्हाला.

मी मॅट्रिक झाले त्या वर्षीचा भादवा. शाळा सांभाळून तुमच्याकडे सरकारी सर्व्हेचं काम होतं, आर्वीकडच्या खेड्यांत घरोघर जाऊन फॉर्म भरायचं. शेवटचं गाव नाल्यापलीकडचं, सतरा घरांचं. नाला उतरेना आणि तुम्हाला हिवतापानं धरलेलं. फॉर्म न्यायला येणारा माणूस आधल्या फेरीला ओट्यावरूनच बोलून गेला होता, "मास्तर, कागद कोरे गेले तं तुमच्या नावावर शेरा बसन." तुम्ही गोधडीतून मला म्हणालात, "कोरं ते कोरंच जाऊ दे. पाह्यलं नाई ते लिहायचं नाई." मी मान हलवली, आणि चुलीशी बसून सतराही घरं भरली. घरवाल्यांची नावं यादीत होतीच. पिण्याचं पाणी घरापासून किती पावलांवर, असा एक रकाना होता. तिथं मी आपल्या विहिरीची वाट डोळ्यांपुढे आणली आणि कोणाला चाळीस, कोणाला साठ लिहिलं. त्या बायांना पाणी जवळ असावं, एवढंच मनात होतं. अक्षर तुम्हीच पाटीवर गिरवून घेतलेलं, हुबेहूब तुमच्यासारखं. ते कागद मी तुमच्या भरलेल्या गठ्ठ्यात मिसळले. "कोरे येगळे ठेवले ना?" तुम्ही विचारलंत. मी हो म्हणाले, आणि तुम्ही न पाहता सह्या केल्यात. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात.

धाकटा एम. ए. झाला तेव्हा त्याला नागपूरच्या एका संस्थेचं मुलाखतीचं पत्र आलं. सरकारी धोरणं लोकांपर्यंत कशी पोचतात याचा अभ्यास करणारी संस्था. तयारीसाठी तो देवळीला माझ्या घरी येऊन राहिला. मी सुपात ज्वारी निवडते आहे, तो पाटावर ताठ बसला आहे, आणि त्याच्या वहीतून मी साहेबासारखं विचारते आहे, "ही नोकरी काऊन पाहिजे तुले?"

"माह्ये वडील चिखल तुडवत दारोदार गेले. धोरण दिल्लीत लिहितेत, पण ते खरं का खोटं ते दारातच समजते."

"वडील मधात कशाले आणतं? नीट अभ्यासाचं सांग."

"ताई, तू तं साहेबापेक्षा कडक हायेस. भाऊजी कसे पास झाले?"

असं हसत चाललं होतं. मग एक दिवस तो म्हणाला, मागच्या वर्षी त्याचा मित्र तिथं जाऊन आला, तिथं जुने फॉर्म पुढ्यात टाकतात आणि खोटे ओळखायला सांगतात. माझं सूप थांबलं. "कुठले जुने?" "आपल्याच जिल्ह्यातले, म्हणे." मित्रानं दिलेले सायक्लोस्टाइलचे कोरे फॉर्म त्यानं माझ्यापुढे ठेवले. "तू मले खोटे भरून दे. मी पकडतो."

नाही कसं म्हणायचं? मी भरले. त्यानं उलटून पाहिले आणि लगेच म्हणाला, "हे सगळे एकाच बाईनं चुलीपाशी बसून भरले. कोणालेच पाण्याले दूर नाई पाठवलं तिनं. खोटं लिहिणारा सोयीचं लिहिते, ताई." दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम दूर दूर लिहिलं, तरी चार घरांनंतर लेखणी जवळ यायची आणि तो नेमका तिथं बोट ठेवायचा. आठ दिवस हे चाललं. माझं खोटं कसं ओळखायचं ते मीच त्याला शिकवलं. पूजेला बसून मी कधी काही मागत नाही. त्या आठवड्यात रोज मागितलं, त्याला दुसरा गठ्ठा मिळू दे.

मुलाखत देऊन दुपारच्या एस.टी.नं तो परतला. पाय न धुता ओट्यावर बसला. "झाली नोकरी," म्हणाला. मी देवापुढे साखर ठेवून आले. तो जमिनीकडे पाहत होता. "सतरा फॉर्म होते. पाण्याचा रकाना पाह्यला अन् सांगितलं, घरी बसून भरले म्हणून. साहेब खुश झाले. मंग म्हणे, या कागदांवरूनच त्या गावाचं नाव विहिरीच्या यादीतून कापलं. बाया अजूनई नाल्यावरून आणतेत." मग म्हणाला, "खाली सही बाबाची होती."

बाबा, मी म्हणाले, "तापात होते रे ते." तेवढंच.

"आपले सरावाचे फॉर्म कुठं हायेत?" त्यानं विचारलं.

"चूल पेटवायले घेतले."

त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. या घरात पाकिटंसुद्धा उकलून खिळ्याला टोचून ठेवतात, हिशेब मी त्यांवरच लिहिते, कोऱ्या पाठीचा कागद मी जाळत नाही, ही माझी सवय त्याला लहानपणापासून ठाऊक. तरी त्यानं पुढं विचारलं नाही. त्या दिवसानंतर तो तुमच्याविषयी कोणापुढे बोलला नाही. त्याच्या बैठकीत आईचा फोटो आहे, तुमचा नाही. मी दिवाळीला जाते, त्या भिंतीखाली बसून फराळ करते आणि परत येते.

ते फॉर्म मी जाळले नव्हते. हे पत्र त्यांच्याच पाठीवर लिहिते आहे. शाई आरपार दिसते, पाण्याच्या रकान्यात पन्नास पावलं, तुमच्याच अक्षरात. लिहून झालं की पुन्हा पोथीखाली ठेवीन. सत्काराला काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही.