चालतं मशीन उघडायचं नाही

प्रिय बारके,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पत्र काही तू परत पाठवणार नाहीस. टपालवाली आहेस, तुझी तुलाच लाज वाटेल. माझ्यावर रागावली आहेस हे ठाऊक आहे मला. दादाला पोचवून आल्यावर भरल्या घरात तू म्हणालीस, माझ्या दादाला डॉक्टरांनी मारलं, चांगलं चालतं मशीन काढायला निघाले आणि वहिनीने त्यांना साथ दिली. सगळे माझ्याकडे बघत होते. दुःखात माणूस काहीबाही बोलतो म्हणून सोडूनही दिलं असतं. पण आईकडून आलेलं ते रेंगाळणारं हृदय तुम्हा दोघांच्याही वाट्याला आलं, आणि दादासारखीच पेसमेकरची डबी तुझ्याही खांद्याखाली कातडीच्या आत बसलेली आहे. त्यामुळे तू काय समजून बसली आहेस, याची मला फार धास्ती वाटते. तेव्हा शेवटपर्यंत वाच. मध्येच फाडलंस तर मी दुसरं लिहीन, माझी खोड तुला माहीत आहे.

दादाला त्या डबीचा काय तोरा होता! घरी कोणी आलं की त्याचा हात धरून आपल्या छातीवर ठेवायचा आणि म्हणायचा, हिला विचारा, माझ्या हृदयात ही नाही, तिथे वायरी आहेत. मी चिडायचे, तो आणखी खूश व्हायचा. जन्मभर लिफ्टच दुरुस्त केल्या त्याने. मोटार, वायर, बॅटरी म्हटलं की आपल्या घरचीच गोष्ट. गेल्या वर्षी बॅटरी संपत आली म्हणून डबी बदलली तेव्हाही टाके निघायच्या आत गच्चीवरच्या मशीनरूममध्ये जाऊन आला. त्याचा एक कायदा होता, तू लहानपणापासून ऐकला असशील. चालतं मशीन उघडायचं नाही. एखाद्या नवख्या मेकॅनिकने उगाच तेल घालायला म्हणून झाकण काढलं, की त्याची अशी खरडपट्टी काढायचा की तो बिचारा आठवडाभर डबा एकटाच खायचा. लिफ्टच्या बाबतीत खरं असेलही ते. मला त्यातलं कळत नाही.

मला कापडातलं कळतं. त्याच्या शर्टांवर डावीकडे, खिशाच्या वर, डाग दिसायला लागले. विचारलं तर म्हणाला, वंगण आहे. अरे, मी शिवणकामावर संसार ओढला, वंगणाचा डाग मला शिकवतोस? वंगण काळं असतं, पसरतं, बोटाला चिकटतं. हा डाग पिवळट होता आणि वाळून कडक झाला होता. एक दिवस दार लावून घेतलं आणि त्याला शर्ट काढायला लावला. बारके, मी त्याला खिडकीशी उजेडात नेऊन पाहिलं. डबीवरची कातडी लालभडक झाली होती, ताणून इतकी पातळ झालेली की डबीचा कोपरा वर आलेला दिसत होता. त्या कोपऱ्यावर टाचणीच्या टोकाएवढं भोक होतं आणि त्यातून पाणी झिरपत होतं. आणि हा माणूस मलाच वर सांगतो, काळजी करू नको, नुकताच तपासून आलोय, बॅटरी उत्तम आहे, अजून बरीच वर्षं जाईल. खोटं नव्हतं ते. दवाखान्यात जाऊन आला होता खरा. त्यांनी शर्टावरूनच यंत्र टेकवलं, डबी व्यवस्थित चालल्याचं पाहिलं, काही तक्रार आहे का म्हणून विचारलं आणि हा म्हणाला, काही नाही. शर्टाचं बटण काढलं नाही की चकार शब्द बोलला नाही. मी डोक्याला हात लावला. त्याचं म्हणणं, त्यांनी मशीनबद्दल विचारलं, मशीन ठणठणीत आहे, मग मी कशाला खोटी तक्रार करू?

त्यानंतर मोठ्या दवाखान्यात जायचं सोडून तो कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी सुई घालून पाणी काढलं, गोळ्या दिल्या, आणि ती जागा खरंच सुकली. काय मिरवला मग! आरशासमोर उभा राहून मला हाका मारायचा, ये, बघून जा. पुढे मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ते ऐकलं आणि डोळेच मिटून घेतले. तिथे सुई घालायची नसते म्हणे, बाहेरचे जंतू आणखी आत जातात, आणि गोळ्यांनी फक्त वरचं झाकलं जातं. पण हे कळेपर्यंत त्याला संध्याकाळची हुडहुडी भरायला लागली होती. भर उन्हाळ्यात दोन पांघरुणं घेऊन दात वाजवत बसायचा आणि मशीनरूममधल्या वाऱ्याला शिव्या द्यायचा. घाम फुटला की ताप उतरायचा, आणि हा परत कामावर. शेवटी एकदा जिन्यातच बसला, तेव्हा मी त्याला रिक्षात घालून नेलं. रक्त तपासलं तर त्यात जंतू सापडले. छातीतल्या वायरीवर, अगदी हृदयाच्या आत, जंतूंचा एक गोळा लोंबताना दिसला.

डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते, नीट वाच. कातडीवर दिसतं ते फार थोडं असतं. जंतू डबीला आणि वायरींना धरून बसतात, स्वतःभोवती चिकट थर करतात. औषध रक्तातले मारतं, थराखालचे राहतात. औषध थांबलं की ते पुन्हा निघतात, आणि त्यांना वाट शोधावी लागत नाही, कारण वायर थेट हृदयात गेलेली असते. तिथून सगळ्या रक्तात. म्हणून डबी, वायरी, झाडून सगळं काढायचं. तोवर मानेतून तात्पुरती वायर घालून हृदय चालवतात, आणि रक्त साफ झालं की दुसऱ्या बाजूला नवी डबी बसवतात. जुन्या वायरी शिरेला चिकटलेल्या असतात, काढताना धोका असतो, हेही बाईंनी लपवलं नाही. नाही काढलं तर काय होईल तेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. तुझ्या दादाने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, डबी चालतेय ना? चालतेय, म्हणाल्या. मग झालं तर, म्हणाला, आणि नको म्हणून सही करून मोकळा झाला.

मी भांडले, रडले, जेवायला बसले नाही. काही उपयोग झाला नाही. शिरेतून औषधं चालली, ताप गेला आणि हा घरी आला तो लढाई जिंकल्यासारखा. त्या दिवशी तुझा फोन आला होता. तुम्ही दोघं कितीतरी वेळ हसत होतात आणि मी आत भाजी चिरता चिरता मनात म्हटलं, हसू देत, असेल माझंच चुकत.

औषधं थांबली आणि ताप परत आला, ह्या वेळी उतरलाच नाही. मला आई म्हणायला लागला. मध्येच शुद्धीवर आला तेव्हा आपण होऊन म्हणाला, काढा ती डबी. दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ ठरली, थिएटर तयार झालं, पण रक्तदाब इतका खाली गेला की त्याला तिथवर नेताच आलं नाही. लघवी बंद झाली, बोटं काळीनिळी पडली. कोणी त्याला उघडलं नाही, बारके. एक टाकासुद्धा कोणी कापला नाही. डबी होती तिथेच होती आणि चालतही होती. तो गेला तेव्हा मी मॉनिटरच्या पडद्याकडे बघत होते. डबीच्या ठोक्यांच्या उभ्या रेघा एकामागून एक बिनचूक उमटत होत्या, आणि नाडी नव्हती. नर्सबाईंनी तो पडदा पलीकडे फिरवला तरी मला त्या दिसतच राहिल्या. अजूनही दिसतात. तेव्हा डॉक्टरांनी मारलं असं पुन्हा म्हणू नकोस. त्यांच्या हाताला तो लागलाच नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. शुद्धीवर आला होता त्या वेळी त्याने मला जवळ बोलावलं. मी कान त्याच्या तोंडाशी नेला. म्हणाला, बारकीचीपण लाल झालीय. पाणी येतंय. तिने माझी शपथ घातलीय सांगू नको म्हणून, पण तू सांग, तिला ने. एवढं बोलला आणि थकला, त्यानंतर त्याला धड बोलता आलंच नाही. तर हे होतं तुमचं फोनवरचं हसणं. मग त्याला पोचवलं त्या दिवशी मी तुला नीट पाहिलं. कामावरून तशीच आली होतीस, पण एरवी डाव्या खांद्यावरची टपालाची पिशवी उजव्या खांद्यावर होती, आणि मला मिठी मारलीस ती एकाच हाताने. मी डॉक्टरीणबाईंशी बोलले आहे, त्या तुला सोमवारी बघणार आहेत. त्या म्हणाल्या, जंतू रक्तात जायच्या आत आलं तर पुष्कळ करता येतं. सोमवारी पहाटेच्या गाडीने मी तुझ्या दारात येते. दार उघडलं नाहीस तर टपाल कचेरीत येईन आणि तुझ्या साहेबांसमोर गोंधळ घालीन, मला कशाचीही लाज उरलेली नाही. माझ्यावर राग धर, बोलू नकोस, पण माझ्याबरोबर चल. इतक्या वर्षांच्या संसारात मला वाटायचं, जाताना तो माझ्याशी काहीतरी बोलेल. त्याचं शेवटचं बोलणं तुझ्याबद्दल होतं, बारके. माझ्या वाट्याचे शब्दही त्याने तुलाच दिले. ते फुकट घालवू नकोस.

तुझीच,
वहिनी