जंगी लाटाच्या दाराबाहेर

पिस्कॅटवे, न्यू जर्सी
९ डिसेंबर २०२४

तीर्थस्वरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. इकडे बर्फ पडू लागलाय. तुझे गुडघे कसे आहेत? हे पत्र चष्मा लावून तूच वाच, अबोलीकडून वाचून घेऊ नकोस. नातच आहे, पण नको.

दादांनी शंभरी ओलांडली. जेवण चांगलं आहे. फक्त ते आमच्यात कमी आणि सिमल्यात जास्त असतात. तिथे जंगी लाटाच्या, म्हणजे हिंदुस्थानातल्या सगळ्या फौजेच्या गोऱ्या सरसेनापतीच्या, बंगल्यावर ते शिपाई होते. साहेबांचा घोडा, साहेबांचा चहा, हे आम्ही लहानपणापासून ऐकलं. साहेबांच्या सहीबद्दल मात्र ते कधी बोलले नव्हते.

हल्ली रोज दुपारी ते माझ्या स्टडीच्या बंद दाराबाहेर ताठ उभे राहतात.

"दादा, बसा ना."

"गप! आत सही चाललीय."

थँक्सगिव्हिंगला आमचा ईशान फ्रीमाँटहून आला होता. स्टडीत कॉल संपवून त्यानं दार उघडलं, तर दादांनी कडक सलाम ठोकला. "साहेब, ओळखतो मी त्याला. कृष्णा माझा सख्खा भाऊ आहे. माफी द्या."

ईशान गोंधळला. "ओके आजोबा... ही कॅन गो होम."

दादा भिंतीला टेकून रडले. मग मी विचारत गेलो, ते सांगत गेले.

आत्या, कृष्णाकाका बर्मात बेपत्ता झाले नव्हते. त्यांनी गोऱ्या अधिकाऱ्यावर बंदूक रोखली होती. कोर्टमार्शलनं मृत्युदंड दिला. तो कायम करायचा की माफ, हे जंगी लाटाच्या हातात. कागदावरचं गाव आणि आडनाव बघून साहेबांनी चहा घेऊन आलेल्या दादांना विचारलं, "तेरा कौन है?" दादा एकोणीस वर्षांचे. घाबरून म्हणाले, "कोई नहीं, साहब."

साहेबांनी सही केली. 'बेपत्ता' हे घरी दादांनीच सांगितलं.

तू अजून भाऊबीजेला दोन पाट मांडतेस, असं अबोली म्हणते. म्हणून हे लिहायला इतके दिवस लागले.

मला वाटलं, दादा आता सुटले. पण ते पुढच्या दारापाशी खुर्ची टाकून बसलेत. "सोडला म्हणाले ना साहेब? मग अजून आला कसा नाही?" काल म्हणाले, बर्फात कृष्णा उभाय. मी दार उघडलं. कुणी नव्हतं. तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, आत या." आणि दार लगेच लावायचा धीर झाला नाही.

रविवारी त्यांना तुला फोन करायचाय. म्हणतात, शुभीला मी स्वतः सांगेन. तू उचलला नाहीस, तरी मी काही म्हणणार नाही.

तुझ्या दोन्ही भावांचा,
सुशांत