दिपालीचं मशीन आणि माझा तक्ता

३ नोव्हेंबर, सोमवार
दिवाळीच्या सुट्टीत दिपालीने ई-बुक रीडर घेतला. मला न विचारता. सोनईच्या या शाळेत मी मराठी शिकवते, ती गणित. नऊ वर्षं आम्ही निम्मे-निम्मे पैसे घालून नगरहून पुस्तकं आणतो. आधी ती वाचते, समासात पेन्सिलीने ‘इथे रडले’ वगैरे लिहिते, मग मी. आज म्हणाली, यातलं पुस्तक तुला देता येत नाही गं, लॉक असतं.
मला काही वाटलं नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार
काही वाटलं नाही, हे पुन्हा लिहून ठेवते.
विज्ञानाला नवी आलेली संस्कृती, तिच्याकडेही तेच मशीन. दोघी स्टाफरूममध्ये एकाच बाकावर, हसत. गणिताच्या बाईला एवढं हसू कशाचं? चहा देताना मालनबाई म्हणाल्या, बाई, तुमी न्हाई आनली व्हय पाटी?
ठरलं. मीही घेणार. पण अभ्यास करून.

९ नोव्हेंबर, रविवार
तक्ता आखला. सात रकाने. दिपालीच्या कंपनीची पुस्तकं त्यांच्याच मशीनवर उघडतात. म्हणजे पैसे आपले, किल्ली त्यांची. दुसऱ्या कंपनीचं मशीन ईपब नावाच्या फाइली घेतं, कुठल्याही दुकानातल्या. लॉक तिथेही असतं, पण तत्त्व वेगळं.
सुमंत म्हणाले, दिपालीचं सहा रकान्यांत पुढे आहे की. मग मी सातव्याला जास्त गुण दिले. सातवा रकाना: स्वातंत्र्य.
अगं, तू मशीन घेतेयस की दिपालीशी भांडण, म्हणे. नवऱ्यांना तांत्रिक बाबी कळत नाहीत.

१५ नोव्हेंबर, शनिवार
दिपाली म्हणाली, माझ्यासारखंच घे ना, का ते सांगते. सांगू दिलं नाही. लॉक, फॉरमॅट आणि वाचकाचे हक्क यांवर वीस मिनिटं बोलले. तास आहे म्हणून ती गेली. तिला तास नव्हता, तिचं टाइमटेबल मला पाठ आहे. पटलं असणार.

२३ नोव्हेंबर, रविवार
मशीन आलं. दुसऱ्या कंपनीचं. जोडाक्षरं मोडून दिसतात, सवय होईल. हवी असलेली चार पुस्तकं शोधली, एकही ईपबमध्ये नाही. स्वातंत्र्य मात्र आहे.

२९ नोव्हेंबर, शनिवार
दिपाली घरी आली. तिच्या खात्यातली पुस्तकं आणखी एका माणसाला वाचता येतात. तिचा नवरा उसाच्या भावापलीकडे काही वाचत नाही, म्हणून ती जागा तिने पहिल्या दिवसापासून माझ्यासाठी ठेवलेली. तू बोलूच देत नाहीस, म्हणाली. माझं मशीन उलटसुलट करून पाहिलं. यावर नाही उघडणार गं. फोनवर वाचशील?
फोनवर वाचणं म्हणजे वाचणं नव्हे, असं मी म्हणाले. का म्हणाले, ते लिहायला आज वेळ नाही.

२ डिसेंबर, मंगळवार
दिपालीने ती जागा संस्कृतीला दिली. स्वतः येऊन सांगितलं, तिला चोरून काही करता येत नाही. बरं केलंस, म्हणाले मी.
सुमंत विचारत होते, इतकं रंगून काय वाचतेयस. मशीनमध्ये सध्या एकच पुस्तक आहे, कंपनीने घातलेलं: मशीन वापरण्याच्या सूचना. दुसऱ्यांदा वाचतेय.