बोटाभोवतीचं जांभळं कडं

१९ नोव्हेंबर, सकाळ

प्रिय वहिनी,

नमस्कार. तुमचं पत्र सोमवारी मिळालं. गुडघ्याला उतार आहे हे वाचून बरं वाटलं. लेकीकडे कायमचं राहायला जायचं ठरवलंत, तेही योग्यच. तेवढ्या घरात एकट्या माणसाला नळाचा थेंबसुद्धा मोठ्याने ऐकू येतो. माझं ठीक चाललंय. खोकला गेला. प्रयोगशाळेचं छत पुन्हा गळतंय आणि साहेब पुन्हा म्हणतात, "बघू."

पत्राच्या शेवटी समासात तुम्ही एकच ओळ लिहिलीत: "खरं सांग, ह्यांनी खोटं केलं होतं का?" तिचं उत्तर द्यायला म्हणून बसले आणि छताबद्दल लिहीत सुटले.

दादाचं काम तुम्हाला अर्धंमुर्धं ठाऊक आहे. त्याने मातीतून एक जंतू वेगळा केला होता. तो एक जांभळं द्रव्य करतो, आणि ज्या चिवट जंतूंपुढे इस्पितळातली औषधं हात टेकतात, त्यांना ते द्रव्य मारतं. निदान दादाच्या प्लेटमध्ये, जंतू वाढवायच्या त्या काचेच्या बशीत, तरी मारायचं. दादा गेला, आणि तोच जंतू, तेच खाद्य, तीच ऊब असूनही सगळं पांढरंफटक. मी करून पाहिलं, बाहेरच्या दोन प्रयोगशाळांनी करून पाहिलं. जांभळं कुणालाच दिसेना. मग कुजबुज सुरू झाली. चहाच्या वेळी एक जण म्हणाला, "त्या जांभळ्याचं भुतासारखं आहे. एकालाच दिसायचं." सगळे हसले. मी कप तसाच ठेवून उठले. दादाचं छापून आलेलं काम मागे घेण्याचं पत्र साहेबांनी तयार ठेवलंय. महिनाअखेरीस ते जाईल.

गेल्या महिन्यात तुम्ही मन घट्ट करून त्याच्या वस्तू न्यायला आलात. मफलर, डबा, चष्म्याचं घर. मी कागदांवर सह्या करत होते. तुम्ही त्याच्या टेबलाशी उभ्या होतात. तिथे पडलेल्या माझ्या एका पांढऱ्या प्लेटचं झाकण उचललंत आणि म्हणालात, "ह्याच्यापायी रोज उशीर व्हायचा होय?" आणि बोट टेकवलंत. मी केवढ्याने ओरडले, "वहिनी, हात लावू नका!" तुम्ही पिशवी उचललीत आणि निघालात. तेव्हापासून आपण नीट बोललोच नाही.

ती प्लेट टाकूनच द्यायची होती. झाकण लावून इन्क्युबेटरच्या, म्हणजे आमच्या उबेच्या कपाटाच्या, कोपऱ्यात सरकवली आणि विसरले. पुढच्या आठवड्यात काचसामान धुणाऱ्या मावशी ती घेऊन आल्या. "बाई, ही फेकू ना? बोट उमटलंय हिच्यात."

खरंच उमटलं होतं, वहिनी. पांढऱ्या थराच्या मधोमध तुमच्या बोटाचा ठसा, आणि त्याच्याभोवती गर्द जांभळं कडं. दादाचं जांभळं. मी तिथल्याच स्टुलावर बसले. मावशींनी पाणी आणून दिलं आणि विचारलं, "कुणाचं आहे हो?" मी प्लेट त्यांच्या हातून काढून घेतली.

दादाचा हा जंतू एकटा असला की काहीच करत नाही. शेजारी कुणी आलं, त्याच्या अंगातून झिरपणारं काही याच्यापर्यंत पोचलं, की मगच हा जांभळं सोडतो. तुमच्या बोटावर तो शेजारी होता, दुसराच एक जंतू. दादा कधी हातमोजे घालायचा नाही. "मोजे घातले की मी आंधळा होतो," म्हणायचा, आणि मी त्याच्यावर डाफरायचे. आम्ही बाकीचे मोजे चढवून अगदी नियमाने, स्वच्छ काम करत राहिलो. म्हणूनच आमच्या प्लेटा मुक्या राहिल्या.

तुम्ही मला दिलेल्या त्याच्या घड्याळाचा चामडी पट्टा मग मी तपासला. त्यावर तोच शेजारी निघाला, पण मेलेला, खुणेपुरता. माझ्या हातावर नाही, मावशींच्या नाही, साहेबांच्याही नाही. एका छपराखाली, एका पांघरुणात वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसांचे जंतूही सामाईक होतात. हा मुळात तुमचा की त्याचा, ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

ती प्लेट मी फेकलेली नाही. रोज सकाळी बघते, तर कडं कालच्यापेक्षा रुंद. जणू खालून कुणी अजून दाबून धरलंय. एवढी शिकलेली बाई मी, पण हल्ली खोलीतला दिवा लावताना "आले हं, दादा," असं तोंडातून जातं.

तर उत्तर असं. नाही, वहिनी. त्याने खोटं केलं नव्हतं. जांभळं त्याच्याच हातून येत होतं, आणि त्यालाच ते ठाऊक नव्हतं.

पण साहेब म्हणतात, "एका प्लेटवर कोण विश्वास ठेवणार? माझ्यासमोर पुन्हा करून दाखवा." तुमच्या बोटावरचा जंतू मी त्या प्लेटमधून वेगळा करून वाढवला, तर आमच्या खाद्यावर तो चार दिवसांत मरगळला आणि जांभळं गेलं. त्याला माणसाचा हातच लागतो.

एक गोष्ट लिहायची टाळत होते. तुम्ही लेकीकडे गेलात की तिथल्या माणसांचे, तिथल्या पाण्याचे जंतू तुमच्या हातावर येतील. त्यात वाईट काही नाही, जगणं म्हणजे तेच. पण हा शेजारी हळूहळू विरळ होईल. एक दिवस नसेल, आणि तुम्हाला कळणारही नाही. हे तुम्हाला सांगावं की नाही, तेच ठरत नव्हतं. मफलर धुवायला हात धजत नाही, असं तुम्ही लिहिलंत. खुशाल धुवा. तो मफलरमध्ये नाही.

जाण्याआधी एकदा इकडे या. साहेबांसमोर नव्या प्लेटवर बोट टेकवा. या वेळी मी ओरडणार नाही. पुन्हा पांढरंच राहिलं, तर ते पत्र जाईल, आणि मग माझ्याकडे दुसरं काहीच नाही.

दादा घरी आला की तुम्ही आतूनच आवाज द्यायचात, "आधी हात धुवा, मग काय ते बोला." त्याने कधी ऐकलं नाही, हे आता मला पक्कं माहीत आहे. येताना तुम्हीही हात धुऊ नका.

त्याच्याच टेबलावरून,
तुमची वाट बघणारी
नणंद