ओला दुपट्टा

बाबा, तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली. जनावरांच्या दवाखान्यात घालायचा तुमचा खाकी शर्ट अजून दाराआडच्या खुंटीला आहे. मी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, घरातली पहिली. कातडीचा रंग जाण्यावरचा धडा मला कॉलेजच्या आधीच येत होता. लामता गावात पांढरं रेडकू जन्मलं आणि लोक त्याला हळदकुंकू वाहू लागले, तेव्हा तुम्ही आधी त्याची पापणी उचललीत. डोळा गुलाबी, उन्हात मिटणारा. म्हणजे अंगात रंगच नाही, सावलीत बांधा म्हणालात. डोळा काळा असता तर नुसतं अंग पांढरं, तेवढी काळजी नाही. कपाळावरचा जन्माचा पांढरा चांद तेवढाच राहतो. आणि काळ्या जनावराला मागाहून डाग पडून पसरला, तर ते कोड. दूध तेच, ताकद तीच, भाव मात्र उतरतो.

म्हणूनच कटंगीच्या बाजारात एका विकणाऱ्याने म्हशीच्या कपाळावरच्या डागाला तेलात कालवलेली काजळी फासली होती. तुम्ही खांद्यावरच्या दुपट्ट्याने, ओला करून, पुसलं, दुपट्टा काळा झाला. लोक हसले. मीही म्हशीकडे बोट दाखवून हसले. तुम्ही माझं बोट धरून खाली केलंत. "तिले काहून हासतं? तिनं काई नाई लपवलं. लपवलं यानं."

दिवाळीपासून माझ्या मनगटावर डाग आहे. आता अंगठ्यापर्यंत आलाय. हा रोग लागत नाही, हे मी शाळेतल्या मुलींना शिकवते. आईलाही सांगितलं. ती म्हणाली, "हौ, तू शिकली हायेस. पण पाहाले येणाऱ्याईले कोन शिकवन?" तेव्हापासून उन्हाळ्यातही लांब बाह्या. दारात कुणी आलं की आई मला आत जायला खुणावते. मोठ्या काकांनी तुमसरचं स्थळ आणलं. माझं झाल्याशिवाय धाकटीचं होत नाही, हे घरात रोज कुणीतरी बोलतंच.

रविवारी पाहुणे आले. मुलाच्या आईने पाण्याचा गार पेला घेताना माझा हातही धरून ठेवला. तिची बोटं ओली होती. पुसलं जावं असं वाटलं, आणि पुसलं जाऊ नये म्हणून मी हात हलवलाही नाही. संध्याकाळी होकार आला.

हा कागद कुठे पाठवणार? तुमच्या शर्टाच्या खिशात ठेवते. मैत्रिणीला सांगितलंय की रविवारी आईने डागावर बळजबरीने कातडीच्या रंगाचं मलम फासलं. तसं नाही, बाबा. डबी मीच आईच्या हातातून घेतली. इतकं नीट लावलं, की कडा कुठे ते मलाही दिसेना.